चार मीटर आणि दोन वीत

१

करंजपाड्याची पूरवही सापडत नव्हती, आणि ती सापडत नाही म्हणून सहादू भोये खोटा ठरत होता.

सुरगाण्याच्या डोंगरात, मोहरी नदीच्या काठी सहादू बावीस वर्षं एकच काम करत आला होता. पावसाळ्यात दर तासाला काठावरच्या मोजखांबांवर पाणी कुठवर चढलं ते बघायचं, वहीत लिहायचं आणि बिनतारी संचावरून नाशिकच्या पूर-इशारा कक्षाला सांगायचं. मोहरी तिथून सात-आठ कोसांवर हद्द ओलांडून गुजरातेत उतरते. करंजपाड्याला पाणी सहा मीटरच्या वर गेलं की नाशिकहून पलीकडे इशारा जायचा, म्हणजे पलीकडच्या गावांना अडीच तास हातात मिळायचे. दोन्ही सरकारांनी बसून तसा करारच केला होता.

अठ्ठावीस जुलैला तो इशारा गेला नाही. दुपारी पावणेबाराला पलीकडच्या आमझरी गावात पाणी घुसलं. नदीतल्या बेटावर बैल आणायला गेलेले तिघे जण वाहून गेले. त्यांतला एक काळू, सहादूचा जावई.

खात्याने चौकशीसाठी नेमलं जमील पिंजारी यांना. निवृत्त अभियंता, वय सहासष्ट, मुक्काम इंदिरानगर. उभी हयात नद्या मोजण्यात गेलेली. माणूस तिरसट, पण कुणाचं मीठ खाऊन अहवाल लिहिणाऱ्यांतला नव्हे. म्हणूनच तर नोकरीत त्याच्या सात बदल्या झाल्या होत्या.

कार्यालयाच्या व्हरांड्यात सहादू आणि त्याची बायको धोंडाबाई सकाळपासून बसून होती. सहादूच्या हातात काठी होती आणि तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा होत्या.

"सहादूभाऊ, त्या दिवशी किती वाजता काय सांगितलंत?"

"सातला चार मीटर दोन इती. आठला साडेपाच. नवाला साडेसहा. नवाला म्या दोनदा वरडून सांगितलं, साहेब. साडेनवानंतर संच बंद पडला, मग पुढचं वहीतच लिवलं."

पिंजारींनी कक्षाच्या संगणकातून काढलेला तक्ता गुडघ्यावर पसरला. करंजपाडा, अठ्ठावीस जुलै. सात वाजता ४.३५, आठ वाजता ४.४८, नऊ वाजता ४.६२. त्यापुढे कोरं. खात्याचा आरोप सरळ होता. या माणसाने नऊपर्यंत आकडे दिले आणि पुढे नदी चढताना जागा सोडली. मरणाला कारण झाला म्हणून त्याच्यावर गुन्हाही दाखल होणार होता.

"तुमची वही कुठंय?"

"दुसऱ्या दिशी जीप आली, डायवर घेऊन गेला. आता म्हंतात, वहीच नाय."

पिंजारींना सकाळपासून एक गोष्ट टोचत होती, ती त्यांनी विचारून टाकली. "आमझरीला तुमची सख्खी मुलगी. तिला का नाही कळवलंत?"

सहादू काठीच्या खाचांवरून बोट फिरवू लागला. बोलली ती धोंडाबाई.

"दोन सालांमागं कळवलं व्हतं, साहेब. आख्खं गाव ढोरंगुरं घेऊन टेकडीवर गेलं. पाणी काय आलं नाय तेवढं. लोक हसली, आन हापिसानं ह्याला नोटीस दिली. इशारा कक्षच देईल, तू दिला तर घरी बस म्हनून."

"ह्या टायमाला म्या इचारलं व्हतं," सहादू हळूच म्हणाला. "नवाला. पोरीला कळवू का म्हनून. तिथं रेंज नाय, डोंगर चढावा लागतो. वायरलेसवरून म्हनले, निरोप गेलाय, गेज सोडू नको. म्या खांबाजवळून हललो नाय."

"कोण म्हणालं असं?"

"कक्षातून म्हनले. खरखर लय व्हती."

धोंडाबाईने पदराने डोळे पुसले. "लेक बोलत नाय आता. म्हंती, बा झोपला आन माझा घरवाला गेला. नोकरी गेली तर नाचणी खाऊन राहू, साहेब. पण लेकीला येवढं कळू द्या, की हा झोपला नव्हता."

२

कक्ष म्हणजे एक लांबट खोली. बिनतारी संच, संगणक, आणि भिंतीवर कॅलेंडर. संगणकाचा पासवर्ड स्क्रीनच्या चौकटीवर चिकटपट्टीने डकवलेला. पिंजारींनी तो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुणाला हसूही आलं नाही.

त्या तक्त्यात आकडा भरू शकतील अशी माणसं तीन. हरवलेली वही ड्रायव्हरने याच खोलीतल्या टेबलावर ठेवली होती, आणि इथे येणारी-जाणारी माणसंही तीच तीन.

पहिला नवनाथ साळवे, कक्षातला संदेशक. चाळिशीचा, पापभीरू, बाबासाहेबांची छोटी तसबीर टेबलावर ठेवून काम करणारा.

"जे ऐकलं ते टाकलं, साहेब," तो म्हणाला. हे वाक्य त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं. कुठे बघून म्हटलं, तर कॅलेंडरकडे. पिंजारींनीही तिकडे पाहिलं. ऑगस्टचं पान वर होतं. कोपऱ्याला सुतळीने पेन बांधलेलं. पिंजारींनी उगाच पानं चाळली. जानेवारी ते जून मागे दुमडलेले होते. जुलै नव्हता.

"जुलै कुठं गेला?"

"फाटला असेल, साहेब. पंख्याचा वारा असतो."

दुसरी रिदा अत्तार, शाखा अभियंता. वय सत्तावीस. करंजपाड्याची जागा तिच्या देखरेखीखाली.

"मी त्या दिवशी सकाळी आठपासून हॉटेलच्या हॉलमध्ये होते, सर. दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांची बैठक होती. आपण पुलावर नवीन सेन्सर बसवलाय ना, त्याचं उद्‍घाटन. स्क्रीनवर करंजपाड्याची पातळी थेट दिसत होती."

"काय दिसत होती?"

"चार पॉइंट बासष्ट."

"कधी?"

रिदा घुटमळली. "आदल्या संध्याकाळी तपासलं तेव्हा. सकाळी आठला. आणि अकराला भाषण चालू होतं तेव्हाही."

पिंजारींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. चाळीस वर्षं नद्या पाहिलेला हा माणूस. भर श्रावणात कुठली नदी सोळा तास एका आकड्यावर उभी राहते, हे त्याला अजून बघायचं होतं.

"त्या यंत्राला वीज कुठून?"

"सौर पॅनल, सर. पण त्याआधी सलग नऊ दिवस ऊन नव्हतं. बॅटरी उतरली की पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो. मी नंतर तपासलं आणि देवरे सरांना लेखी दिलं. ते म्हणाले, आता यंत्राला कशाला बदनाम करता?"

तिसरे हे देवरे सर. कार्यकारी अभियंता वाल्मीक देवरे, बागलाणकडचे. कधीकाळी पिंजारींच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी उठून नमस्कार केला आणि बिस्किटं मागवली.

"सर, मी त्या दिवशी सकाळी कक्षात फिरकलोसुद्धा नाही. दोन्हीकडचे सचिव समोर बसलेले. तीन जीव गेले, वाईटच झालं. पण म्हातारा माणूस, डुलकी लागली असणार. यासाठीच तर सेन्सर आणतोय आपण."

"डुलकी नऊनंतर लागली म्हणता?"

"तक्ता तुमच्यासमोर आहे, सर."

तक्ता समोर होता खरा. तिघांपैकी कुणी तो भरला, हे मात्र त्यावर लिहिलेलं नव्हतं. आणि सहादूचं बोलणं वाऱ्यावर गेलेलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी पिंजारी रिदाला घेऊन करंजपाड्याला निघाले. वणीला चहा घेतला. पुढे घाटात धुकं होतं आणि जीपचा वायपर काही दम खात नव्हता.

मोजखांब काठावर पायरीपायरीने उभे असतात. पहिला पाण्याजवळ, पुढचा त्याहून वर, असे पाच. प्रत्येकावर एक मीटरच्या रेघा. पहिल्यावर दोन ते तीन मीटर, दुसऱ्यावर तीन ते चार, आणि पाचव्यावर सहा ते सात.

पिंजारी गुडघ्यावर हात ठेवत काठ चढले. पहिला. दुसरा. मग ते थांबले, मागे वळले आणि पुन्हा मोजू लागले.

तिसरा खांब नव्हताच. जागेवर हातभर काँक्रीटचं खुंटाड होतं, त्यावर शेवाळ धरलेलं.

"हा कधी गेला?"

"तीन जुलैला," सहादू म्हणाला. "सागाचं लाकूड वाहत आलं, त्यानं मोडला. म्या त्याच दिशी कळवलं. बाईसाहेब येऊन फोटू काढून गेल्या."

"मी सात तारखेला पत्र दिलंय, सर," रिदा म्हणाली. "नवीन खांब मंजूर करा म्हणून. अजून काही उत्तर नाही."

"मग तेव्हापासून चार ते पाच मीटरचं पाणी तुम्ही मोजता कसं?"

सहादूने खाचांची काठी पुढे केली. खुंटाडाच्या तळाशी ती टेकवली आणि हाताचा पंजा पसरून खाचेवर ठेवला. अंगठा एका खाचेवर, करंगळी दुसऱ्यावर.

"इतीनं. माझ्या चार इतीत एक मीटर भरतो. बाईसाहेबांनी टेप लावून पाह्यला."

"पंचवीस सेंटिमीटरची एक वीत," रिदा म्हणाली. "हात मोठा आहे त्यांचा. मीच साळवेंना सांगून ठेवलं होतं. काका एक वीत म्हणाले की चार पंचवीस टाकायचं, दोन म्हणाले की साडेचार, तीन म्हणाले की पावणेपाच. मधलं काही ते सांगूच शकत नाहीत."

पिंजारी त्या खुंटाडावर टेकले. पाऊस पडत होता, पण त्यांना छत्री उघडायचं सुचलं नाही.

"सहादूभाऊ," ते शेवटी म्हणाले, "तुमची वही गेली तर गेली. तुमची काठी आहे ना."

४

त्या संध्याकाळी इंदिरानगरच्या घरी त्यांनी आख्खा जुलैचा तक्ता जेवणाच्या टेबलावर मांडला. त्यांच्या पत्नी जैतुनबींनी दोनदा ताट आणलं आणि दोनदा परत नेलं.

"आकड्यांनी पोट भरतं का तुमचं?"

"आज भरलं," पिंजारी म्हणाले.

तीन जुलैपासून सत्तावीस जुलैपर्यंत नदी तेहतीस वेळा चार ते पाच मीटरमध्ये आली होती. नोंदी काय, तर ४.२५, ४.५०, ४.७५. तेहतीसच्या तेहतीस. एकही अधलामधला आकडा नाही. आणि अठ्ठावीस तारखेला, ज्या एका दिवसावर सारं येऊन थांबलं होतं, त्याच दिवशी ४.३५, ४.४८, ४.६२. ज्या खांबावर हे वाचायचं तो खांब पंचवीस दिवसांपूर्वीच वाहून गेला होता.

म्हणजे हे आकडे सहादूचे नव्हते. कुणीतरी खुर्चीत बसून ते रचले होते, आणि शेवटचा आकडा नेमका बंद पडलेल्या सेन्सरशी जुळवला होता. ज्याने रचले, त्याला तिसरा खांब मोडल्याचं ठाऊक नव्हतं. रिदाने तो डोळ्यांनी पाहिला होता. नवनाथ तर पंचवीस दिवस विती ऐकून पाव-पाव मीटर भरत होता. त्या दोघांपैकी कुणालाही खोटंच लिहायचं असतं, तरी ४.५० लिहिलं असतं.

उरला एक. पण या तर्काच्या विरुद्ध जाणारा कागद दुसऱ्या दिवशी टपालाच्या फायलीत सापडला, आणि पिंजारींची पावलं तिथेच अडखळली. रिदाचं सात जुलैचं पत्र. 'तिसरा मोजखांब वाहून गेला आहे.' खाली कोपऱ्यात हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'पाहिले', आणि वाल्मीक देवरेंची सही.

५

"एकच विचारायचं राहिलं होतं," देवरेंच्या दालनात बसत पिंजारी म्हणाले. "आठ वाजताची नोंद, चार पॉइंट अठ्ठेचाळीस. म्हातारा माणूस, त्यात पाऊस. एवढं नेमकं त्याने वाचलं कसं असेल?"

देवरे हसले. उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले आणि काठावरच्या पाच रेघांतल्या मधल्या रेघेवर बोट ठेवलं.

"तुम्हीच शिकवलंत, सर. चार ते पाच मीटर म्हणजे तिसरा खांब. दोन सेंटिमीटरच्या रेघा आहेत त्यावर. पोरसुद्धा वाचेल."

पिंजारींनी पत्र टेबलावर ठेवलं. देवरेंनी ते वाचलं. पहिल्यांदाच वाचलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग नजर हिरव्या सहीवर गेली आणि त्यांना धीर आला.

"हां, हे मला माहीत होतं. सही आहे ना माझी."

"सही आहे. रोज साठ कागद येतात आणि साठांवर तुम्ही 'पाहिले' लिहिता. मीही लिहायचो, वाल्मीक. आपल्या खात्याचा रोगच आहे तो. पण हे वाचलं असतंत, तर आत्ता मोडलेल्या खांबावर बोट ठेवून मला शिकवलं नसतंत. आणि त्या खांबावरचे आकडेही रचले नसतेत."

देवरे खुर्चीत बसले. "हा पुरावा नाही, सर. फार तर तक्ता चुकीचा ठरेल. त्याने साडेसहा सांगितलं होतं, हे कुठे सिद्ध होतं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते पिंजारींनाही कळत होतं. ते काही बोलणार तेवढ्यात दार वाजलं. नवनाथ साळवे उभा होता. तासभर तो दाराबाहेरच असावा. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"जुलै फाटला नव्हता, साहेब," तो म्हणाला. "मी घरी नेला होता."

त्याने कॅलेंडरचं पान टेबलावर उलगडलं. संच खरखरायला लागला की ऐकलेलं निसटू नये म्हणून नवनाथ आधी सुतळीच्या पेनाने कॅलेंडरवर टिपायचा, मग संगणकात भरायचा. पंधरा वर्षांची सवय. तारखांच्या चौकोनांत मुंगीएवढी अक्षरं होती. अठ्ठावीसच्या चौकोनात जागा पुरली नव्हती, म्हणून मजकूर समासात गेला होता.

'७ - ४.५०. ८ - ५.५०. ९ - ६.५०, दोनदा सांगितले. सहादू विचारतो, मुलीला कळवू का. ९.१० दे. साहेबांना फोन.'

"साहेब हॉलच्या दारात होते," नवनाथ सांगत राहिला. देवरेंकडे त्याने पाहिलं नाही. "म्हणाले, सेन्सर चार बासष्ट दाखवतोय, म्हातारा घाबरलाय. मागच्यासारखं गाव पळवलं आणि पाणी आलं नाही, तर सचिवांसमोर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कार्यक्रम होईपर्यंत थांब. आणि सहादूला सांग, निरोप गेला म्हणून." त्याने समासातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "ते मी सांगितलं, साहेब. माझ्या तोंडाने सांगितलं. निरोप गेलाय, गेज सोडू नको. संध्याकाळी साहेबांनी स्वतः तक्ता बदलला. मला म्हणाले, तुझंही नाव येईल. दोन लेकरं शिकतायत माझी. मी गप्प बसलो."

आज पुन्हा मागवलेली बिस्किटं बशीत तशीच होती.

"मी कुणाला मारायला निघालो नव्हतो, सर," देवरे शेवटी म्हणाले. "आकडा स्क्रीनवर होता. एवढं मोठं यंत्र. मला वाटलं, तोच खरा."

"वही कुठंय?"

"गंगेत टाकली. नाशिकच्या पुलावरून."

पिंजारी उठले. पूर अडवायला नेमलेल्या माणसाने पुराची वही नदीत सोडली, यावर त्यांना पुष्कळ बोलता आलं असतं. त्यांनी कॅलेंडरचं पान घडी घालून खिशात ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हाताखाली शिकवलेल्या माणसाचा निरोप न घेता ते बाहेर पडले.

६

अहवाल गेला. देवरे निलंबित झाले, पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला. नवनाथची साक्ष झाली आणि त्याचीही चौकशी सुरू झाली. सहादूवरचा आरोप मागे घेतल्याचं पत्र निघालं. तिसरा खांब उभा राहिला. पिंजारींचं काम इथे संपत होतं. पण व्हरांड्यातल्या बाईने मागितलं होतं ते या कुठल्याच कागदात नव्हतं.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात ते सहादू आणि धोंडाबाईला घेऊन हद्द ओलांडून आमझरीला गेले. कॅलेंडरच्या पानाची सहीशिक्क्याची प्रत त्यांनी बरोबर घेतली होती. त्यांची मुलगी रोहिणी ओसरीवर बसली होती. कपाळ मोकळं. तिने आईला जवळ घेतलं, पिंजारींना खाट टाकली. बापाकडे पाहिलं नाही. सहादू अंगणातच उभा राहिला.

पिंजारींनी भाषण केलं नाही. प्रत तिच्या हातात दिली आणि समासावर बोट ठेवलं. रोहिणी सातवी शिकलेली. ती सावकाश वाचत गेली. 'मुलीला कळवू का' इथे आली आणि तिथेच थांबली. ते तिने पुन्हा वाचलं.

"बा, तू इचारलं व्हतं?"

"व्हय."

"आन ते म्हनले, निरोप गेला."

"व्हय."

तिने कागदाची घडी केली. मग जे बोलली ते ऐकताना पिंजारींना खाली बघावं लागलं.

"इचारायचंच नव्हतं, बा. निघायचं व्हतं. नोकरी गेली असती, माझा मानूस ऱ्हायला असता."

सहादूने मान हलवली. काठी घट्ट धरून तो अंगणात उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

रोहिणी उठून आत गेली. बाहेर आली ती दोन तांबे घेऊन. एक पिंजारींना दिला. दुसरा घेऊन अंगणात उतरली आणि बापासमोर धरला.

घरामागे नदी दिसत होती, आणि मधलं बेट. हिरवंगार गवत माजलं होतं. पूर गेल्यापासून आमझरीतलं एकही जनावर तिकडे गेलं नव्हतं, एकही माणूस गेला नव्हता. काळूचा धाकटा भाऊ गोठ्याशी बैलांना वाळका पेंढा टाकत होता.

सहादू पाणी प्यायला. रोहिणीने तांबा परत घेतला.

"सकाळी निघताना खांबावर किती व्हतं?" तिने विचारलं.

"दोन मीटर वीस. वर पाऊस नाय. सांजपर्यंत चढत नाय."

रोहिणी क्षणभर बेटाकडे बघत राहिली. मग गोठ्याकडे तोंड करून तिने दिराला हाक मारली.

"बैल सोडा बेटावर. पाणी नाय येत. माझ्या बानं सांगितलंय."